चारचौघांत

हरल्यानंतर तोंड कोणी उघडावयाचे, आणि उघडलेच तर काय बोलावयाचे, हा प्रश्न वर्तमानपत्रातल्या खेळाच्या पानावरचा आहे असे सर्वसाधारणपणे समजले जाते. मला तो तसा वाटत नाही. दहावीचा निकाल लागलेल्या घरात, वाटण्या झालेल्या घरात, ठरलेले लग्न मोडलेल्या घरात हाच प्रश्न वेगळे कपडे घालून हिंडत असतो. फरक एवढाच की मैदानावर तो दिवसाउजेडी हजारो लोकांसमोर उभा राहतो, म्हणून त्याचे नाकडोळे जरा नीट दिसतात.

२०२५ च्या दिवाळीत तो मला असाच नीट दिसला. १९ ऑक्टोबर, रविवार. दुसऱ्या दिवशी पहिली आंघोळ. आमच्या छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीवर पाय ठेवावयास जागा नव्हती, आणि तिकडे इंदूरला महिलांच्या विश्वचषकात आपल्या मुली इंग्लंडच्या २८८ धावांचा पाठलाग करीत होत्या. आमच्या घरात चकलीचा घाणा अर्ध्यावर ठेवून सगळी मंडळी दूरदर्शनसंचापुढे येऊन बसली होती. सांगलीची स्मृती मानधना ८८ धावांवर खेळत होती, विजय हाताशी आला होता. आणि ती एक उंच फटका मारून बाद झाली. तेथून गाडी जी घसरली ती चार धावांनी सामना हरूनच थांबली. त्याआधी दक्षिण आफ्रिकेने आणि ऑस्ट्रेलियाने विशाखापट्टणमला हरविले होते. लागोपाठ तिसरा पराभव, तोही आपल्याच देशात, भर दिवाळीत.

सामन्यानंतर वार्ताहरांपुढे मानधनाच आली. ती म्हणाली, की हे मी माझ्या अंगावर घेते. पडझडीची सुरुवात माझ्यापासून झाली, फटक्याची निवड बरी करता आली असती. एवढेच. त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक अमोल मुजुमदार खोलीच्या आत काय बोलले, ते त्या रात्री कोणाला कळले नाही. ते कळले पुढे, आणि कळले तेही कर्णधार हरमनप्रीत कौर हिच्या तोंडून. सर त्या दिवशी थोडे कडक बोलले, असे तिने पुढे वार्ताहरांना सांगितले, आणि आम्ही सगळ्यांनी ते चांगल्या मनाने घेतले, असेही सांगितले.

माझे लक्ष अडकले ते नेमके येथे. कडक बोलणारा गप्प राहिला. ज्यांना बोलणी बसली त्यांनी ती गोष्ट बाहेर सांगितली. हा निव्वळ योगायोग असेल का?

हे मुजुमदार कोण, ते ज्यांना क्रिकेटमध्ये रस नाही अशा वाचकांसाठी सांगावयास हवे. १९८८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस ढालीच्या शालेय सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिराच्या दोन पोरांनी ६६४ धावांची अभंग भागी केली. विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६. त्या दोघांच्या मागून खेळावयास जाणार होता तेरा वर्षांचा अमोल मुजुमदार. तो दोन दिवस पायांना पॅड बांधून बसून राहिला, आणि त्याची पाळी आलीच नाही. पुढे १९९४ साली रणजी करंडकाच्या पहिल्याच सामन्यात त्याने हरियाणाविरुद्ध २६० धावा काढल्या. पदार्पणातील तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता. वीस वर्षे तो खेळला, प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा जमविल्या, मुंबईचा कर्णधार म्हणून २००६-०७ चा रणजी करंडक जिंकला. भारताकडून मात्र एकही सामना खेळला नाही. तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण ही नावे त्या काळात मधल्या फळीत ठाण मांडून बसली होती, जागाच नव्हती. म्हणजे आझाद मैदानावरचे ते पॅड बांधून बसणे पुढे वीस वर्षे चालले, असे म्हणावयास हरकत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात हा गृहस्थ भारताच्या महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला, तेव्हा नाके मुरडणाऱ्यांचा पहिला आक्षेप हाच, की जो स्वतः देशासाठी खेळला नाही तो इतरांना काय शिकविणार!

या आक्षेपावर अधिक शब्द खर्च करण्याचे कारण नाही. सुईण होण्यासाठी स्वतः बाळंत झालेले असले पाहिजे असे कोणी म्हणत नाही. आणि मुजुमदारांचे गुरू रमाकांत आचरेकर यांनी तरी किती क्रिकेट खेळले? प्रथम श्रेणीचा एकच सामना, स्टेट बँकेकडून, तोही हैदराबादला. तेंडुलकर, कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित, अजित आगरकर ही त्यांच्या हातची माणसे. आता आचरेकरांचे नाव निघालेच आहे तर तेथे जरा थांबू, कारण माझ्या प्रश्नाचे खरे हाड तेथे आहे.

आचरेकर सर कोणालाही 'छान खेळलास' असे म्हणत नसत. २०१३ च्या नोव्हेंबरात वानखेडेवर निरोप घेताना तेंडुलकराने हे भर मैदानात सांगितले. एकोणतीस वर्षांत सरांनी मला एकदाही तसे म्हटले नाही, कारण मी हुरळून जाईन अशी त्यांना धास्ती होती. आता पुढे सामनेच नाहीत, तेव्हा आता म्हणावयास हरकत नाही, अशा अर्थाचे ते बोलणे होते. ऐकणारे हसले आणि डोळेही पुसले. त्यांची शाबासकी म्हणजे स्टंपवर ठेवलेले एक रुपयाचे नाणे. जो गोलंदाज बाद करील नाणे त्याचे, कोणीच बाद केले नाही तर फलंदाजाचे. अशी तेरा नाणी तेंडुलकराने जपून ठेवली आहेत. आणि दुसरी गोष्ट त्या थपडेची. सरावाचा सामना बुडवून पोर वानखेडेवर दुसऱ्यांचा सामना पाहावयास गेले, सरांनी गाठले, एक ठेवून दिली आणि म्हणाले, की दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवू नकोस, तुझ्यासाठी लोकांनी टाळ्या वाजवाव्यात असा खेळ.

पुन्हा तेच पाहा. ही थप्पड जगाला सांगितली कोणी? आचरेकरांनी नव्हे. ज्याच्या गालावर ती बसली त्याने.

माझे एक शेजारी जिल्हा परिषदेच्या शाळेत पीटीचे सर होते. निवृत्त होऊन त्यांना पंधरा वर्षे झाली, पण अजून गल्लीतली पोरे त्यांना पाहिले की पाठ ताठ करतात. संध्याकाळी आम्ही दोघे फिरावयास निघतो ते बहुधा आमखास मैदानापर्यंत. तेथे फुटबॉल खेळणाऱ्या पोरांचा दंगा पाहत अर्धा तास उभे राहावयाचे आणि परतावयाचे, असा आमचा नेम आहे. माझा हा सिद्धान्त मी त्यांना मोठ्या उत्साहाने ऐकविला. म्हटले, "सर, मला वाटते खोलीत दिलेली बोलणी ही ज्याला बसली त्याच्या मालकीची असतात. ती बाहेर सांगावयाची की नाही हे त्याने ठरवावयाचे, देणाऱ्याने नव्हे."

ते काही वेळ मैदानाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "प्राध्यापक, तुमचं बोलणं ऐकायला बरं वाटतं. पण मार खाऊन जो मोठा झाला तोच सांगतो ना की सरांनी मारलं म्हणून मी घडलो? ज्यानं दुसऱ्या दिवसापासून मैदानावर यायचंच बंद केलं, त्याला कोण विचारतं? मी चौतीस वर्षं शिकवलं. माझ्यामुळे घडलो म्हणणारे दिवाळीला येऊन पाया पडतात. माझ्यामुळे पळाले ते येत नाहीत. त्यांचा आकडा माझ्याजवळ नाही."

याला मी काय उत्तर देणार! उलट त्यांचे बोलणे पटवून देणारे एक उदाहरण मलाच ठाऊक होते, आणि ते फार दूरच्या मुलखातले आहे.

अमेरिकेत कॉलेजांचा फुटबॉल हा एक मोठा लोकोत्सव आहे. नाव फुटबॉल, खेळतात बव्हंशी हातांनी, ते असो. अलाबामा विद्यापीठाच्या क्रीडांगणात लाखभर माणसे बसतात, आणि तेथील मुख्य प्रशिक्षक हा त्या राज्यात राज्यपालाहून मोठा असामी समजला जातो. खेळणारी पोरे विद्यार्थीच. २०२१ पर्यंत त्यांना स्वतःच्या नावावर चार पैसे मिळविण्याचीही मुभा नव्हती. अलाबामाचा पॉल ब्रायंट नावाचा प्रशिक्षक १९५८ ते १९८२ पर्यंत गादीवर होता. उभ्या कारकिर्दीत त्याने ३२३ सामने जिंकले. निवृत्तीच्या सामन्यानंतर महिन्याच्या आत, जानेवारी १९८३ मध्ये, तो गेला. त्याचे एक सूत्र तेथे घरोघरी ठाऊक आहे: काही वाईट झाले तर ते मी केले, बरे झाले तर आपण केले, आणि उत्तम झाले तर ते तुम्ही केले. ऐकावयास किती सोज्ज्वळ! चार लोकांवर हुकमत चालविणाऱ्या प्रत्येकाने, मग तो मुख्याध्यापक असो की एकत्र कुटुंबातला थोरला भाऊ, हे लिहून खिशात ठेवावे.

पण याच ब्रायंटने १९५४ साली, टेक्सासमधल्या दुसऱ्या एका कॉलेजात असताना, शंभराच्या आसपास पोरे जंक्शन नावाच्या एका आडगावी नेली. अवर्षणाचे साल, भट्टीसारखे ऊन, आणि सरावाच्या वेळी पाणी पिण्यास बंदी. दहा दिवसांनी पस्तिसेक पोरे उरली. बाकीची रात्री-अपरात्री बोचकी बांधून निघून गेली. गंमत अशी, की एवढे करून त्या वर्षी दहांपैकी एकच सामना जिंकता आला. पंचवीस वर्षांनी, १९७९ मध्ये, उरलेल्या पोरांचा तेथेच मेळावा भरला, ब्रायंटही गेला, गळाभेटी झाल्या. निघून गेलेल्यांचा मेळावा कुठे भरल्याचे मी वाचलेले नाही. पीटीच्या सरांना मी हे सांगितले तेव्हा ते फक्त 'हं' म्हणाले.

तेव्हा माझा सिद्धान्त मला थोडा आवळून घ्यावा लागतो. खोलीतले बोलणे ऐकणाऱ्याच्या मालकीचे, हे खरेच. पण ऐकणाऱ्याने ते प्रेमाने सांगितले म्हणून बोलणारा निर्दोष ठरत नाही. तेंडुलकराने ती थप्पड कृतज्ञतेने सांगितली, हा तेंडुलकराचा मोठेपणा. थप्पड ती थप्पडच. ती मला मान्य नाही, आणि आचरेकरांविषयी मनात अपार आदर ठेवून मी हे म्हणतो. त्याच सरांच्या हाताखाली, त्याच मैदानावर, तेच मौन ऐकत वाढलेला कांबळी सतरा कसोट्यांत चौपन्नच्या सरासरीने धावा काढून तेविसाव्या वर्षी कसोटी क्रिकेटच्या बाहेर पडला. याचे खापर कोणाच्या माथी मारावे असे मला मुळीच सुचवावयाचे नाही. माणसाच्या आयुष्याला हजार धागे असतात. एवढेच म्हणतो, की एकाला ज्या मौनाने घडविले तेच मौन दुसऱ्याला उपाशी ठेवीत नसेल असे खात्रीने कोणाला सांगता येईल?

आता याच्या उलट बाजूला असलेला आक्षेप. माझी मुलगी वकील आहे. तिचे म्हणणे असे, की चारचौघांत 'दोष माझा' म्हणणे हे पुष्कळदा धडधडीत खोटे असते. फटका चुकला मानधनाचा, प्रशिक्षकाने 'मी चुकलो' म्हणावे कशासाठी? लोकांना खरे कळण्याचा अधिकार नाही काय? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे, की कारण आणि जबाबदारी या दोन वस्तू एकाच नावाने बाजारात विकल्या जातात म्हणून हा घोटाळा होतो. आंबा का पडला, तर देठ पिकला म्हणून, हे कारण. पाहुण्यांना आंबा मिळाला नाही याचे उत्तर मात्र यजमानाने द्यावयाचे. तेथे तो देठाकडे बोट दाखवू लागला तर ते खरे असूनही हास्यास्पद दिसते. 'दोष माझा' हे कारणाचे निवेदन नाही, ते देणे मान्य करणे आहे. त्यात खोटेपणा येतो कधी? तर म्हणणाराने ते देणे फेडण्यासाठी पुढे काहीच केले नाही तेव्हा. कित्येक पुढारी 'नैतिक जबाबदारी' स्वीकारतात आणि खुर्चीही तशीच धरून ठेवतात. तेथे मुलीचा आक्षेप शंभर टक्के लागू आहे. शिवाय सगळा दोष आपल्याच अंगावर ओढून घेण्यातही एक सूक्ष्म अहंकार शिरू शकतो. मानधनाने स्वतः पुढे येऊन आपली चूक उच्चारली, तेव्हा तिच्या तोंडून तो घास काढून घेऊन 'नाही नाही, मीच दोषी' म्हणत बसणारा प्रशिक्षक मला आवडला नसता. मोठ्या माणसाला आपली चूक स्वतः सांगू देणे हाही तिचा मानच आहे.

अलाबामालाच पुढे निक सेबन नावाचा प्रशिक्षक झाला. सात राष्ट्रीय अजिंक्यपदे नावावर घेऊन तो जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाला. २०१७ साली, संघ जिंकत असताना, त्याने वार्ताहरांना सुनावले, की तुम्ही माझ्या पोरांची जी स्तुती छापता ती उंदीर मारावयाचे औषध आहे. आचरेकरांना हे वाक्य आवडले असते!

स्तुती विषारी होते, ती मात्र बहुधा दुसऱ्यासाठी. हे सांगावयास अमेरिकेला जाण्याची गरज नाही. आपल्या सरकारने १९८५ पासून प्रशिक्षकांसाठी जो सन्मान सुरू केला त्याचे नाव द्रोणाचार्य. आचरेकरांना तो १९९० मध्ये मिळाला. द्रोणांनी अर्जुनाला शब्द दिला होता, की तुझ्यासारखा धनुर्धर दुसरा होणार नाही. प्रेमाने दिलेला शब्द. पण त्या शब्दाची किंमत अर्जुनाने मोजली नाही, द्रोणांनी मोजली नाही. ती एकलव्याच्या अंगठ्याने मोजली. निकाल लागले की आमच्या क्रांती चौकात, जालना रोडवर मोठमोठे फलक लागतात. शिकवणीवर्गांचे फलक, त्यांवर पहिल्या आलेल्या पोरापोरींची पासपोर्टी छायाचित्रे ओळीने मांडलेली आणि मध्यभागी सरांचे छायाचित्र त्यांच्या दसपट मोठे. ब्रायंटचे सूत्र येथे बरोबर उलटे करून टांगलेले असते: उत्तम झाले ते आम्ही केले, वाईट झाले ते तुमच्या पोराने अभ्यास केला नाही म्हणून. बीड-परभणीकडून पोट मारून, खोली भाड्याने घेऊन पोराला येथे ठेवलेल्या बापाने त्या फलकाखाली उभे राहून आपल्या पोराचे छायाचित्र शोधू नये, पण तो शोधतो, ते नसते. आणि मग तो घरी जाऊन, चुलत्या-मावश्यांसमोर, पोराला जे बोलतो ते बोलणे पोर जन्मभर वाहून नेते. त्याला ते बाहेर सांगण्याची हिंमतही होत नाही.

उघड बोलण्याची किंमत भलत्यानेच मोजावी लागते याचा आणखी एक दाखला आहे, आणि तो मला जवळचा वाटतो, कारण त्यातला नायक आमच्याच जुन्या राज्यातला. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. येथली कॉलेजे उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली असत. त्या उस्मानियाचे पदवीधर, हैदराबादच्या शाळांतून शिक्षकी केलेले सय्यद अब्दुल रहीम हे भारताच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक. १९५१ ला दिल्लीत आशियाई सुवर्णपदक, १९५६ ला मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. १९६२ च्या आशियाई खेळांसाठी ते संघ घेऊन जकार्ताला गेले तेव्हा कर्करोगाने त्यांना आतून पोखरले होते. तेथे इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना येऊ दिले नाही, म्हणून आपले गुरुदत्त सोंधी यांनी उघड हरकत घेतली, की मग या स्पर्धेला आशियाई म्हणू नये. बोलणे न्यायाचे होते. पण गाव भडकले, भारताच्या वकिलातीवर जमाव चालून गेला, आणि दुसऱ्या दिवशी, ४ सप्टेंबरला, अंतिम सामन्यात आपल्या पोरांना लाखभर लोकांची हुर्यो सोसावी लागली. सोंधींनी बोलू नये होते काय? तसे मला म्हणवत नाही. दुसऱ्याला किंमत मोजावी लागेल म्हणून न्यायाचे बोलणे गिळावयाचे ठरविले तर जगात न्यायाचे बोलणे उरणारच नाही. पण ज्याच्या शब्दाची झळ इतरांना लागणार आहे त्याने त्या इतरांकडे निदान एकदा पाहून घ्यावे, एवढे म्हणावेसे वाटते.

रहीमसाहेबांनी सोंधींविरुद्ध अवाक्षर काढले नाही, असे म्हणण्याइतकी माहिती माझ्यापाशी असती तर हा निबंध फार देखणा झाला असता. जे खेळाडूंनी पुढे सांगितले ते इतके, की सामन्याच्या आदल्या रात्री त्यांनी पोरांना जवळ बसवून म्हटले, मला उद्या एक भेट हवी आहे, सुवर्णपदक. गटात याच दक्षिण कोरियाने आपल्याला दोन गोलांनी हरविले होते. डोक्याला टाके पडलेला जर्नेल सिंग आघाडीला खेळला. त्याचा एक गोल, पी. के. बॅनर्जीचा एक. दोन विरुद्ध एक असा सामना जिंकला. रहीम १९६३ च्या ११ जूनला वारले. ही भेटीची गोष्टही पाहा, ऐकणाऱ्यांनीच सांगितलेली आहे. पण हिच्यात पीटीच्या सरांनाही खोट काढता आली नाही. ते म्हणाले, "मागितलं, दरडावलं नाही. मागणाऱ्याला पोरगं नाही म्हणू शकतं."

इंदूरनंतर मुजुमदारांचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. ३० ऑक्टोबरला उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३३९ चे आव्हान ठेवले. त्या वेळी खोलीतल्या फळ्यावर त्यांनी इतकेच लिहिले, की अंतिम सामन्यासाठी आपल्याला त्यांच्यापेक्षा एक धाव जास्त हवी. जेमिमा रॉड्रिग्ज १२७ वर नाबाद राहिली. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून मुलींनी विश्वचषक घेतला, आणि हरमनप्रीतने भर मैदानात सरांच्या पायाला हात लावला.

१९८८ च्या त्या सामन्याच्या गुणपत्रिकेत शारदाश्रमचे २ बाद ७४८ आहेत, आणि पुढे डाव घोषित. चार फलंदाजांच्या नावांपुढे धावा आहेत. पाचव्याच्या नावापुढे, रीतीप्रमाणे, काहीच नाही.